आपल्या शिवारांतील भाकर

शास्त्रपाठ : अनुवाद ८:७-१०, यशया ५५:१-२, योहान ६:५-१३



आपल्या प्रभूनें शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तिच्या मध्यभागीं पोटाची एक मागणी आहे. देवाचें नांव, देवाचें राज्य व देवाची इच्छा यांविषयींच्या मागण्या प्रथम येतात. पापांच्या क्षमेची याचना पुढें येते. आणि या दोहोंच्या मध्यें तो आपणांस रोजचें अन्न मागावयास सांगतो. आतां, ज्यांनीं पवित्र शास्त्र मराठींत आणिलें त्यांनीं त्या ठिकाणीं कोणता शब्द योजिला तें पाहा. त्यांनीं पक्वान्न म्हटलें नाहीं, पोळी म्हटलें नाहीं; 'भाकर' म्हटलें. योहानाच्या शुभवर्तमानांत प्रभूनें स्वतःस जें नांव दिलें त्यांतही हाच शब्द आला आहे. चुलीवरील तव्यावर जी भाजली जाते, कष्टकऱ्याच्या फडक्यांत बांधून जी शेतावर जाते, तिचेंच नांव आपल्या भाषेंत तारणाऱ्याच्या नांवास जोडिलें गेलें आहे.

असें असतां आपल्या गांवोगांवच्या घरांत काय दिसतें? पाहुणा दारीं आला कीं भाकरीची टोपली झांकली जाते, आणि मुलाच्या हातीं पैसे देऊन दुकानांतून बिस्किटांचा पुडा आणविला जातो. शाळेस जाणारें लेंकरूं न्याहारी न करितां निघतें, आणि वाटेवर दहा रुपयांचें तळलेलें, खारवलेलें कांहीं तरी घेऊन पोट भरल्याचें समाधान मानितें. परड्यांतील शेवग्याचा पाला गळून उकिरड्यावर पडतो, आणि घरधनीण शक्तीच्या पावडरीचा डबा उधारीवर आणिते. जी गोष्ट आपण दर रविवारीं देवाजवळ मागतों, ती त्यानें दिली असतां आपण तिजकडे पाठ फिरवितों, हें कसें? या प्रश्नाचा आज शास्त्राच्या उजेडांत आणि संसाराच्या व्यवहाराच्या उजेडांतही विचार करूं.

पहिली गोष्ट ही कीं, देव ज्या भूमींत आपणांस ठेवितो त्या भूमींतच आपलें ताट वाढितो.

अनुवादाच्या आठव्या अध्यायांत मोशे इस्राएल लोकांस मिळावयाच्या देशाचें वर्णन करितो. तो तेथील राजवाड्यांविषयीं बोलत नाहीं. झऱ्यांविषयीं आणि पिकांविषयीं बोलतो. गहूं, सातू, द्राक्षें, अंजीर, डाळिंबें, जैतून आणि मध, अशीं सात दानें तो मोजून दाखवितो. हीं सर्व त्याच डोंगराळ देशांत, तेथील पावसावर व तेथील मातींत होणारीं आहेत. लोकांचें मन मात्र मागें मिसर देशांत अडकलें होतें. गणनेच्या अकराव्या अध्यायांत ते तेथील काकड्या, खरबुजें, कांदे व लसूण आठवून रडूं लागतात. जें दूर आहे तें गोड आणि जें हातीं आहे तें बेचव, ही मनुष्याची फार जुनी खोड आहे.

आतां आपल्या भूमीकडे पाहा. सह्याद्रीच्या पूर्वेस अहिल्यानगर, सोलापूर, बीड, धाराशीव या बाजूस पाऊस थोडा आणि लहरी; परंतु देवानें येथील काळ्या मातीस ओल धरून ठेवण्याचा गुण दिला आहे. पावसाळा सरतां सरतां रब्बीची ज्वारी पेरावी, आणि तिनें मातींत सांठलेल्या त्या ओलीवर पोसून, हिवाळ्याची थंडी अंगावर घेऊन, कणीस भरावें, अशी ही योजना आहे. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें निवडलेला मालदांडीचा वाण कित्येक पिढ्या शेतकऱ्यांच्या विश्वासास पात्र झाला आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीस तर सरकारदरबारीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. जेथें जमीन हलकी तेथें बाजरी. जेथें डोंगरउतार आणि पाऊस पुष्कळ तेथें नाचणी व वरई. कोंकणांत आणि मावळांत भात. त्यांच्या जोडीस तूर, मूग, मटकी, हुलगा व हरभरा. तेलासाठीं करडई, भुईमूग, जवस व कारळे. ज्वारीचा दाणा माणसास आणि कडबा गुरांस, अशीं एका पेरणींत दोन ताटें वाढलीं जातात.

ज्या वडीलधाऱ्यांनीं १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे त्यांस विचारा. ते सुकडीच्या रांगांविषयीं आणि समुद्रापलीकडून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीविषयीं सांगतील. परक्या देशाच्या धान्यानें त्या वर्षीं जीव वांचले याबद्दल देवाची स्तुति असो. परंतु ज्यानें ती रांग पाहिली त्यास घरच्या कणगींतील दाण्याची किंमत निराळी शिकवावी लागत नाहीं.

आणि दाण्याबरोबर बियाणेंही आलें. अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेची पायरी न चढतां गांवठी भाज्यांचें, कडधान्यांचें व धान्यांचें बियाणें घरांत जतन करून ठेविलें, दुसऱ्यांस वांटिलें, आणि भारत सरकारनें २०२० सालीं त्यांस पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. मडक्यांत राखेबरोबर ठेविलेलें मूठभर वालाचें बीं ही क्षुल्लक वस्तु नव्हे. देवानें सृष्टि केली तेव्हां वनस्पतींच्या ठायीं बीज घालून ठेविलें. तें राखणारीचा हात त्याच्याच कामास लागलेला आहे.

दुसरी गोष्ट ही कीं, देवानें दाणा सबंध दिला आहे. त्याचा उत्तम वांटा बाहेर टाकण्याची चाल माणसानें पाडिली.

ज्वारीचा एक दाणा तळहातावर घ्या. वर कोंड्याचें पातळ आवरण, आंत पिठूळ गर, आणि टोंकाशीं लहानसा अंकुर. गरानें पोट भरतें. परंतु लोह, जीवनसत्त्वें व कोठा साफ राखणारा चोथा यांचा मोठा भाग कोंड्यांत व अंकुरांत असतो. गहूं दळून व चाळून शुभ्र मैदा करितात तेव्हां हाच भाग निघून जातो. गव्हाच्या १०० ग्रॅम सबंध पिठांत सुमारें ११ ग्रॅम चोथा असतो. तितक्याच मैद्यांत ३ ग्रॅमही राहत नाहीं. बिस्किट, पाव, टोस्ट व खारी हीं बहुतेक याच मैद्याचीं असतात, आणि त्यांत साखर, मीठ व तेल निराळें पडतें.

या बाबतींत एक खरी हकीकत ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत ख्रिस्तिआन आइकमन नांवाचे एक डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचें कारण शोधीत होते. त्या रोगानें माणसांचे पाय लुळे पडत आणि पुष्कळ जण मरत. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्यांसही तशाच प्रकारचा पांगळेपणा आला. कांहीं काळानें त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करितां असें कळलें कीं, मध्यंतरीं कोंबड्यांस लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतील उरलेला पांढरा भात घालीत असत. नवा आचारी आला; त्यास लष्कराचा भात कोंबड्यांस देणें रुचलें नाहीं, म्हणून त्यांस कोंड्यासकट असलेला स्वस्त तांदूळ मिळूं लागला, आणि त्या स्वस्त तांदुळानेंच त्यांचे पाय सुधारले. हा शोध पुढें जीवनसत्त्वांच्या ज्ञानाचा एक पाया झाला, आणि १९२९ सालीं आइकमन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. श्रीमंताच्या ताटांतील शुभ्रपणा रोग देतो आणि गरिबाच्या ताटांतील कोंडा बरें करितो, हें प्रथम कोंबड्यांनीं दाखविलें!

आपल्या देशांतही हें मोजून पाहिलेलें आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदुळांत दहाहूनही कमी. १०० ग्रॅम बाजरींत सुमारें ६ मिलिग्रॅम लोह असतें, आणि त्या तांदुळांत एकाहूनही कमी. कॅल्शियमानें हाडें घडतात; लोहानें रक्त होतें. ज्या घरांत गरोदर सून आहे, ज्या घरांत वाढतें मूल आहे, त्या घरानें हे आंकडे भिंतीवर लिहून ठेवावे.

तथापि सत्य सांगावयाचें तर तें पुरतें सांगितलें पाहिजे. केवळ भाकर आणि मीठमिरची हा आहार पुरत नाहीं. हैदराबाद येथेंच डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं १९६० च्या सुमारास दाखविलें कीं, ज्वारीवांचून दुसरें विशेष कांहीं ज्यांस मिळत नाहीं अशा गरिबांत पेलाग्रा नांवाचा रोग होतो. कातडी काळवंडते, जीभ सोलते, मन खिन्न होतें. म्हणून दाण्यास सोबती पाहिजे. भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ असली म्हणजे एकाचें उणें दुसरें भरून काढितें. वर मूठभर हिरवी भाजी, शेंगदाण्यांची किंवा जवसाची चटणी, वाटीभर ताक, मिळेल त्या दिवशीं परसांतील कोंबडीचें अंडें, आणि लिंबाची एक फोड. लिंबाच्या आंबटपणानें भाजींतील व दाण्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. जेवतांना घेतलेल्या चहानें त्यास अडथळा होतो. यास्तव चहा घ्यावयाचाच तर जेवणापासून तासाभराच्या अंतरानें घ्यावा.

तिसरी गोष्ट पैशाची आहे.

यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायांत संदेष्टा बाजारांत उभ्या राहिलेल्या माणसाप्रमाणें हांक मारितो आणि लोकांस विचारतो कीं, ज्यानें पोट भरत नाहीं अशा वस्तूवर तुम्ही श्रमाची कमाई कां घालवितां? त्याच्या प्रश्नाचा मुख्य अर्थ आत्मिक आहे, हें मी जाणतों. आत्म्याची भूक देवावांचून कशानेंही शमत नाहीं. परंतु जो संदेष्टा आत्म्याविषयीं असें विचारतो तो मजुरीच्या पैशाविषयींही असें विचारण्यास कचरणार नाहीं.

हिशोब मांडूं. रोज दहा रुपयांचीं पुडीं मुलांच्या हातीं दिलीं तर वर्षास ३६५० रुपये झाले. २०२४-२५ च्या हंगामासाठीं सरकारनें बाजरीची आधारभूत किंमत क्विंटलास २६२५ रुपये ठरविली होती, म्हणजे किलोस सव्वासव्वीस रुपये. दुकानांत भाव याहून अधिक पडतो हें खरें. तो किलोस चाळीस रुपये धरिला तरी त्या ३६५० रुपयांत नव्वद किलोंहून अधिक बाजरी घरीं येते. पुढच्या वेळीं पुडा घेतांना त्यावर छापलेलें वजन वाचा आणि किलोचा भाव काढून पाहा. आपण धान्य महाग म्हणून सोडितों आणि त्याहून कितीतरी महाग भावानें मैदा, मीठ, तेल व वारा विकत घेतों, हें तुम्हांस स्वतःच्याच बोटांवर मोजतां येईल.

ज्यांस शिधापत्रिकेवर धान्य मिळतें त्यांनीं तें आनंदानें घ्यावें. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो धान्याचा हक्क मिळाला आहे, आणि १ जानेवारी २०२३ पासून तें धान्य विनामूल्य मिळत आहे. ही भीक नव्हे. कायद्यानें दिलेला हक्क आहे. त्या तांदुळांत मूग किंवा तूर घालून, वर शेवग्याचा किंवा माठाचा पाला चिरून टाकून खिचडी केली तर थोडक्या खर्चांत पुरतें जेवण होतें. गव्हाचें पीठ चाळतांना कोंडा फेकूं नये. जे पैसे धान्यावर वांचले ते डाळ व शेंगदाणे यांवर खर्च करावे, बिस्किटांवर नव्हे.

आणखी कांहीं साध्या सूचना करितों. ज्वारी हंगामांत भाव उतरलेला असतां घ्यावी, कडक उन्हांत वाळवावी, आणि कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह कोठींत भरून ठेवावी. एका घरास एकदम पैसे काढणें जड वाटलें तर चार घरांनीं मिळून पोतें घ्यावें. बाजरीच्या पिठांत तेलाचा अंश अधिक असल्यामुळें तें लवकर कडू होतें. म्हणून दळण आठवड्यापुरतेंच करावें. मटकीस मोड आणावे. त्यानें ती पचावयास हलकी होते आणि तिचा कसही वाढतो. मोरीचें सांडपाणी रस्त्यावर सोडण्याऐवजीं त्यावर भोपळ्याचा वेल चढवावा आणि एक शेवगा व एक कढीपत्ता लावावा. पावसाळ्यांत बांधावर तांदुळजा, घोळ, कुरडू व टाकळा फुकट उगवतो. हिवाळ्यांत चाकवत व हरभऱ्याचा कोंवळा पाला मिळतो. मात्र ओळखीच्याच भाज्या आणाव्या. २ राजे याच्या चवथ्या अध्यायांत दुष्काळाच्या दिवसांत एका मनुष्यानें न ओळखतां रानांतील फळें चिरून हांडींत घातलीं, आणि जेवणारे विष झालें म्हणून ओरडले, ही गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. गांवांतील एखाद्या म्हातारीस बरोबर घेऊन मुलींनीं रानांत जावें. तिचें ज्ञान तिच्याबरोबर मातींत जाऊं देऊं नये.

चवथी गोष्ट लाजेची आहे, आणि ती बोलावयास सर्वांत अवघड आहे.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांस भाकरीचें नांव घेतांच एक जुनी जखम आठवते. आपले पूर्वज गांवकीचीं कामें करीत. रात्रंदिवस निरोप नेत, मेलेलीं गुरें ओढीत. आणि त्यांचें बलुतें म्हणून त्यांस घरोघर फिरून भाकरी मागावी लागे. दूर उभें राहावें, हांक मारावी, आणि वरून टाकलेली शिळी भाकर पदरांत झेलावी, असा तो क्रम होता. १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत या वतनाच्या कायद्यांत सुधारणा करणारें विधेयक मांडिलें. आणि पुढें १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ ग्रामवतनें बंद झालीं. ज्या आजीनें ती टोपली डोक्यावर वाहिली तिच्या नातवास गव्हाची पोळी आणि पांढरा भात हीं सुटकेचीं चिन्हें वाटलीं, तर त्यास कोण दोष देईल? मी तर देणार नाहीं.

परंतु, बंधूंनो, लाज कोणाची होती याचा निवाडा नीट करूं. ज्यानें मनुष्यास दारांत उभें करून तुकडा फेकिला, लाज त्याची होती. ज्यानें मागितला त्याची नव्हती. आणि त्या निरपराध दाण्याची तर मुळींच नव्हती. बाजरीनें कोणास अस्पृश्य मानिलें नाहीं. ज्वारीच्या कणसानें राबणाऱ्याची जात विचारिली नाहीं. अन्याय करणारांनीं आपला मान हिरावून घेतला तेवढें पुरें झालें; आतां आपलें अन्नही त्यांच्या अपराधापायीं आपण कां टाकून द्यावें? मागून आणिलेली भाकर आणि आपल्या कमाईची, आपल्या चुलीवरची, ताठ मानेनें खाल्लेली भाकर या दोन वस्तु एक नव्हेत.

योहानाच्या सहाव्या अध्यायांत काय झालें तें पाहा. सहस्रावधि लोक भुकेले होते, आणि एका मुलाजवळ पांच भाकरी व दोन मासळ्या होत्या. त्या भाकरी सातूच्या होत्या, हें योहान मुद्दाम लिहितो. त्या देशांत गहूं संपन्न लोकांचा आणि सातू गरिबाचा. ज्याच्या शब्दानें काना येथें पाण्याचा द्राक्षारस झाला त्यास सातूच्या भाकरी बदलून गव्हाच्या करणें अवघड नव्हतें. पण त्यानें त्या बदलल्या नाहींत. त्यानें त्याच हातीं घेतल्या, त्यांबद्दल उपकारस्तुति केली, आणि त्याच सर्वांस वांटिल्या. मग उरलेले तुकडे वायां जाऊं नयेत म्हणून गोळा करविले. गरिबाचें अन्न प्रभूनें हातीं घेतलें. त्यास आपण पाहुण्यांपासून लपवावें काय?

जगासही आतां जाग येत आहे. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळिलें. शहरांतील मोठ्या दुकानांत आपली नाचणी व वरई चकचकीत पिशव्यांतून मोठ्या भावानें विकली जाते. आपण घरची बाजरी स्वस्तांत विकावी आणि तिच्याच नांवाचीं साखर घातलेलीं बिस्किटें महाग भावानें परत आणावीं, असा वेडेपणा मात्र करूं नये. विकण्यापूर्वीं घरापुरतें धान्य कणगींत ठेवा; मग उरलेलें बाजारांत न्या.

पांचवी गोष्ट, आणि तिजसाठींच हें सर्व सांगितलें : आपल्या घरांत शेवटीं कोण जेवतें?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें दिसून आलें कीं, महाराष्ट्रांत १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ आणि सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या बालकांपैकीं शेंकडा ६९ जणांच्या अंगांत रक्त कमी आहे. म्हणजे आपल्या मंदिरांत स्त्रियांच्या बाजूस ज्या भगिनी बसल्या आहेत त्यांपैकीं निम्म्याहून अधिक थकलेल्या असाव्यात, असें समजण्यास आधार आहे. त्यांस जिना चढतां धाप लागते, स्तुतिगीत गातां दम पुरत नाहीं, आणि बाळंतपणीं त्यांच्या जिवास धोका असतो. याचीं कारणें अनेक आहेत. परंतु एक कारण आपल्या पंक्तींत बसलेलें आहे. घरधनी जेवतो, मुलगे जेवतात, पाहुणे जेवतात; डाळ तळाशीं येते, भाजी संपते; आणि मग चुलीपुढील माउली कोरकुटका व पाणी घेऊन म्हणते, मला भूक नाहीं.

करिंथ येथील मंडळींत प्रभुभोजनासाठीं लोक जमत तेव्हां कांहीं जण आधींच खाऊन तृप्त होत आणि कांहीं उपाशी राहत. पौल हें ऐकून फार दुखावला. पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत तो त्यांस स्पष्ट सांगतो कीं, असें जेवण प्रभूचें जेवण नव्हे. आणि शेवटीं आज्ञा देतो कीं, जेवावयास जमाल तेव्हां एकमेकांसाठीं थांबा. जी शिस्त प्रभूच्या मेजावर आहे ती घरच्या पंक्तींतही आली पाहिजे. पुरुषांनो, घरधनिणीचें ताट वाढल्यावांचून पहिला घांस घेऊं नका. ज्या घरांत डाळ एक वाटी आहे तेथें ती प्रथम गरोदर स्त्रीस व लेंकरांस द्या. आणि हेंही लक्षांत ठेवा कीं, भाकर थापणें हें काम धगीपुढील आहे, कष्टाचें आहे. बाजारच्या पुड्याकडे घरधनीण वळते ती पुष्कळदां आवडीनें नव्हे, तर थकव्यानें. घरच्या अन्नाचें स्तोत्र गाऊन आपण ओट्यावर बसून राहावें आणि ताज्या भाकरीची वाट पाहावी, हा धर्म नव्हे. धान्य निवडा, दळण आणा, पाणी भरा, जळण फोडा, भांडीं घासा. ज्यानें शिष्यांचे पाय धुतले त्याच्या अनुयायास हीं कामें हलकीं नाहींत.

आतां इशाऱ्याचे दोन शब्द सांगून पुरें करितों. अन्न हा आपला तारणारा नव्हे. तोंडांत जाणाऱ्या वस्तूनें मनुष्य विटाळत नाहीं, तर अंतःकरणांतून निघणाऱ्या दुष्टाईनें विटाळतो, हें मत्तयाच्या पंधराव्या अध्यायांत प्रभूनें शिकविलें. रोमकरांस पत्राच्या चवदाव्या अध्यायांत पौल खाण्यापिण्यावरून भावास दोष न लावण्याविषयीं बजावतो. दानिएलानें राजाचें अन्न सोडून दहा दिवस शाकान्न व पाणी घेतलें त्याचें वर्म भाजींत नव्हतें. देवाशीं एकनिष्ठ राहण्यांत होतें. यास्तव जो बाजरी खातो त्यानें पाव खाणाऱ्यास कमी लेखूं नये, आणि ज्याच्या घरीं आज केवळ फुकटचा तांदूळच शिजला त्यानें तो उपकारस्तुति करून समाधानानें खावा. दुसरा इशारा हा कीं, आजाऱ्यानें डॉक्टरांचा सल्ला सोडूं नये. ज्या स्त्रीचें रक्त फार उतरलें आहे तिचें केवळ भाकरीभाजीनें भागणार नाहीं. तिनें आरोग्य केंद्रांत जाऊन रक्त तपासावें आणि तेथें मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नेमानें घ्याव्या. गोळी घेणें अविश्वास नव्हे; ज्यानें बाजरींत लोह घातलें त्यानेंच तें शोधून काढणारी बुद्धि दिली.

तर, प्रियांनो, या आठवड्यांत तीन गोष्टी करा. घरांतील दुकानच्या पुड्यांचा खर्च एका कागदावर मांडा. परड्यांत किंवा बांधावर एक शेवगा लावा. आणि एक दिवस सर्व घर एकाच वेळीं, एकाच पंक्तींत जेवा. आई त्या पंक्तींत असावी. मंडळीच्या पंचांस माझी विनंति आहे कीं, कापणीच्या सणास येणाऱ्या दानांतील कांहीं ज्वारी, बाजरी व डाळ विकून न टाकतां मंडळींतील विधवांसाठीं व गरोदर भगिनींसाठीं राखून ठेवावी, आणि त्या दिवसाच्या प्रीतिभोजनांत मंदिराच्या अंगणांत उघड्या टोपलींत, सर्वांसमोर, भाकर वाढावी.

हे आमच्या स्वर्गीय पित्या, आमच्या काळ्या मातीबद्दल, तींतील ओलीबद्दल आणि दाण्यांत तूं सांठविलेल्या बळाबद्दल आम्ही तुझे उपकार मानितों. जें तूं दिलें त्याची लाज आमच्यांतून काढून टाक. जें पोट भरीत नाहीं त्यावर गरिबाची कमाई उधळण्यापासून आम्हांस राख. आमच्या घरांत कोणी शेवटीं उरूं नये, आणि कोणी उपाशी निजूं नये, असें कर. आणि ज्या जिवंत भाकरीनें आत्मा तृप्त होतो त्या तुझ्या पुत्राकडे आमचीं अंतःकरणें रोज वळव. आमेन.